छोट्या बॅचमधलं ड्राय हॉपिंग : वास जातो कुठे?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी काही वर्षं इंग्लंडात, लीड्सला होतो. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच-पाच लिटरच्या बॅच लावायचा नाद लागला. आता नाशकात परत आलोय आणि एका मायक्रोब्रूअरीत कामाला आहे. मालक हौशी आहेत. मोठ्या टाकीत काही नवीन घालायच्या आधी तिथेच पाच लिटरच्या काचेच्या बरणीत करून बघायची मुभा देतात.

कृती अवघड नाही. साधी पेल एल. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जिरेल तशी उतरते) १.०४८, शेवटची १.०१२. फर्मेंटेशन शांत झालं की झाकण उघडून सिट्रा आणि कॅस्केड या जातींच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या सुक्या फुलांच्या) पेलेट, म्हणजे दाबलेल्या गोळ्या, मलमलच्या पिशवीतून सोडतो. हेच ड्राय हॉपिंग. लिटरला ६ ग्रॅम. पाच दिवस ठेवतो, मग साखर घालून बाटल्या.

गंमत अशी की पिशवी बाहेर काढताना संत्र्याची साल, पिकलेला आंबा, पेरू, सगळे हजर असतात. बाटली उघडावी तर निम्मे गायब. आणखी थोडे दिवस गेले की रंग तांबूस-मळकट आणि चवीला ओला पुठ्ठा. लीड्सला हीच कृती बरी चालायची. हॉप्स कमी पडतायत का? लिटरला १० ग्रॅमपर्यंत जाऊ?

कडूकारले
जाऊ नका. ओरेगन स्टेट विद्यापीठात लाफोंटेन आणि शेलहॅमर यांनी कॅस्केड घेऊन नेमकं हेच तपासलं होतं, २०१८ साली छापून आलं. लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे वास त्या प्रमाणात वाढत नाही. उलट लिंबू-संत्रं मागे पडून पाल्याचा, चहापत्तीचा वास पुढे येतो. तुम्ही ६ वर आहात, ते भरपूर झालं. मी चाचणीला ४ वरच थांबतो.

तुमचं दुखणं वेगळं आहे. ओला पुठ्ठा हे तुम्हीच लिहिलंय. हा ऑक्सिजनचा प्रताप.

हिशोब करून बघा. पाच लिटरच्या बरणीत चार लिटर बिअर, वर एक लिटर मोकळी जागा. फर्मेंटेशन जोरात असतं तोवर तिथे कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तुम्ही झाकण उघडता, पिशवी सोडता, चमच्याने दाबून बुडवता, तेवढ्यात त्याची जागा हवा घेते. लिटरभर हवेत ऑक्सिजन साधारण २८० मिलिग्रॅम. चार लिटरमध्ये वाटला तर लिटरमागे ७०. सगळा विरघळत नाही, मान्य. पण शंभरातला एक भाग विरघळला तरी ०.७ झाला, आणि चांगल्या ब्रूअरीत पॅकिंगच्या वेळी आकडा ०.१ च्या वर गेला की माणसं अस्वस्थ होतात. त्यात हॉप्समधून येणारं मँगनीज ऑक्सिडेशनला आणखी हात देतं. म्हणजे जितके हॉप्स जास्त, तितकी बिअर नाजूक.

मोठ्या टाकीत हे कळतही नाही, कारण तिथे बिअर ढीगभर आणि हवा नावाला. छोट्या बॅचमध्ये उलटं.

आणि लीड्सचं म्हणाल तर तिथल्या तळघरात बाटल्या १२-१३ अंशांवर राहत असतील. दहा अंश वाढले की असल्या क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. इथे तुमच्या बाटल्या कुठे असतात?

गोदाकाठचा
कार्बोनेशन होईपर्यंत स्टोअररूममध्ये, मग फ्रीजमध्ये. स्टोअररूम पत्र्याखाली आहे. बोलायला नको.

द्राक्षबागवाला
राम राम. मी पिंपळगावकडचा, बिअरमधलं शून्य कळतं, पण वास आणि हवा म्हटल्यावर बोलल्याशिवाय राहवेना.

आमचा एक्सपोर्टचा माल सकाळी ऊन चढायच्या आत काढायचा, पॅकहाऊसला न्यायचा, प्री-कूलिंगला टाकून गर आतपर्यंत थंड करायचा, पेटीत घडांवर ग्रेप गार्डचा कागद घालायचा (त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो), मग कोल्ड स्टोरेज, मग रीफर कंटेनर. मधे एका ठिकाणी साखळी तुटली की युरोपात पेटी उघडल्यावर देठ काळे. तेव्हा माझा प्रश्न असा, भाऊ, तुमचे हॉप्स येतात कुठून आणि कसे?

गोदाकाठचा
दादा, अमेरिकेतून आयात होतात, मग व्यापाऱ्याकडून कुरिअरने नाशिकला. नायट्रोजन भरलेलं फॉइलचं पाकीट असतं, १०० ग्रॅमचं. कुरिअरच्या टेम्पोत बर्फबिर्फ काही नसतो.

द्राक्षबागवाला
मग एप्रिल-मेमध्ये मागवता तेव्हा तो टेम्पो कसारा चढून येईपर्यंत आत भट्टी. तुमची साखळी बाटलीच्या आधीच तुटली की हो.

कडूकारले
दादांनी बरोबर नस पकडली. नायट्रोजनमुळे ऑक्सिजनचा त्रास टळतो, उष्णतेचा नाही. वर्षभराचे हॉप्स डिसेंबर-जानेवारीत एकदम मागवा आणि उणे १८ च्या डीप फ्रीझरमध्ये टाका. वर्तमानपत्रात निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या यायला लागल्या की ऑर्डर द्यायची, असा माझा साधा नियम आहे.

पाकीट उघडल्यावर एक पेलेट तळहातावर चुरडून वास घ्या. रंग गवतासारखा हिरवा आणि वास झणझणीत हवा. पेलेट तपकिरी झाली असेल आणि जुन्या चीजचा किंवा घामट मोज्याचा वास आला तर ते पाकीट उकळीत कडवटपणासाठी वापरा, ड्राय हॉपला नको. उरलेलं पाकीट क्लिप लावून फ्रीजच्या दारात ठेवू नका. घरगुती व्हॅक्युम सीलर आता महाग राहिलेला नाही.

रविवार_कारंजा
मी नवखा आहे, माफ करा. हॉप्स उकळताना घालतातच ना? मग नंतर परत कच्चे कशाला?

कडूकारले
माफी कसली. हॉप्समध्ये दोन गोष्टी कामाच्या. अल्फा ॲसिड आणि सुगंधी तेलं. अल्फा ॲसिडचा कडवटपणा बिअरमध्ये नीट उतरायला तासभर उकळावं लागतं, त्यात त्याची रचना बदलते. तेवढ्या वेळात मायर्सीन, लिनालूल वगैरे तेलं वाफेबरोबर निघून जातात. म्हणून कडवटपणासाठी एक हप्ता उकळीत आणि वासासाठी दुसरा थंड बिअरमध्ये. दुसऱ्याला ड्राय हॉपिंग म्हणायचं. फोडणी आणि वरून घातलेली कोथिंबीर यांची कामं वेगळी असतात, तसंच.

थोडा कडवटपणा ड्राय हॉपमधूनही येतो, पण तो वेगळ्या घटकांचा, आणि सौम्य.

इतिहासाचं_वेड
यात नवीन काही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रूअरीतून हॉजसनची पेल एल जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची. अशा बिअरच्या पिंपात पाठवतानाच सुके हॉप्स घालायची इंग्लंडात रीत होती. हॉप्समुळे लॅक्टिक जिवाणू दबतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात बिअर आंबायचा धोका कमी. आज ज्याला इंडिया पेल एल म्हणतात तिचं मूळ या व्यापारात आहे.

यीस्टवाली
कडूकारले यांचं ऑक्सिजनचं सगळं पटलं. पण मूळ कृतीत मला आणखी एक गोष्ट खटकतेय आणि ती बाटली फुटण्याची आहे, म्हणून लिहिते.

गोदाकाठचा, हॉप्स घातल्यानंतर तुम्ही ग्रॅव्हिटी परत मोजता का? हॉप्समध्ये अमायलेज जातीची एन्झाइम्स असतात. यीस्टला जी डेक्स्ट्रिन्स (साखरेच्या लांब साखळ्या) पचत नाहीत ती तोडून ही एन्झाइम्स साखर तयार करतात. यीस्ट जिवंत आहेच, ते पुन्हा कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ सालीच हे नोंदवलं होतं, नंतर विसरलं गेलं आणि ड्राय हॉपचं प्रमाण वाढलं तसं पुन्हा सगळ्यांना आठवलं.

आकड्यात बघा. ग्रॅव्हिटी ०.००१ ने उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो (बिअर जेवढी, तेवढाच गॅस म्हणजे एक व्हॉल्यूम). तुम्ही १.०१२ ला बाटल्या भरल्या, साखर २.४ व्हॉल्यूमच्या हिशोबाने घातली, आणि आत ती १.००९ ला उतरली तर वरचा दीड व्हॉल्यूम फुकट. म्हणजे जवळजवळ चार. भंगारवाल्याकडून आलेल्या, चार वेळा धुतलेल्या, गळ्याशी चरे पडलेल्या ६५० मिलीच्या बाटलीला चार व्हॉल्यूम झेपतील याची हमी मी देणार नाही.

गोदाकाठचा
बाप रे. मोजत नव्हतो. फेस जरा जास्त येतो हे लक्षात आलं होतं, ते साखरेच्या माथी मारलं होतं.

यीस्टवाली
इथून पुढे हॉप्स घातल्यावर ग्रॅव्हिटी सलग दोन दिवस हलली नाही तरच बाटल्या. दुसरं, हॉप क्रीपच्या वेळी यीस्ट पुन्हा डायअसिटिल सोडतं, लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास. तपासायला सोपं आहे. दोन छोट्या बाटल्यांत थोडी-थोडी बिअर घ्या, एक फ्रीजमध्ये, दुसरी झाकण लावून ६०-७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं. मग ती थंड करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम बाकी आहे, आणखी थांबा.

कडूकारले
हे मी लिहायला हवं होतं, पण मी सहसा केगमध्ये (दाब सोसणाऱ्या स्टीलच्या पिंपात) भरून थेट २ अंशांवर नेतो, म्हणून मनात आलं नाही. केगवाले यीस्ट आधी थंडीने खाली बसवतात, १४ अंशांवर दोन दिवस हॉप्स ठेवतात आणि मोकळे होतात. वास खूप स्वच्छ येतो.

यीस्टवाली
तुमच्या केगमध्ये ठीक. बाटलीत कार्बोनेशन करायचं तर बाटली पुन्हा कोमट जागी ठेवावीच लागते आणि अर्धवट राहिलेली हॉप क्रीप तिथे पुरी होते. बाटलीवाल्यांनी हॉप्स यीस्ट जागं असतानाच घालावेत. ग्रॅव्हिटी १.०१६ च्या आसपास असताना घातले तर शिरलेला ऑक्सिजन यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं, आणि हॉप्समधल्या जेरॅनिओलचं सिट्रोनेलॉलही करतं, लिंबाच्या अंगाने जाणारा वास. थोडा वास बुडबुड्यांबरोबर उडतो. तो तोटा मी पत्करते.

कडूकारले
मी नाही पत्करत. बाटल्यांपुरतं तुमचं खरं.

मखमलाबादकर
मलमलची पिशवी की मोकळ्या पेलेट? मोकळ्या टाकल्या की सायफनची नळी तुंबते, दर वेळी.

कडूकारले
पिशवी असेल तर निम्म्याहून कमी भरा. पेलेट फुगून चौपट होते, घट्ट पिशवीत आतला गोळा कोरडाच राहतो आणि वास आतच अडकतो. फडकं आणि दोरा आधी दहा मिनिटं उकळून घ्या, रंगीत दोरा नको. बुडायला आत स्टीलचा चमचा किंवा काचेच्या गोट्या.

माझं मत विचाराल तर मोकळ्याच टाका. झाकण बंद ठेवून दिवसातून दोनदा बरणी हलक्या हाताने गोल फिरवायची, मग फ्रीजमध्ये दीड-दोन दिवस. सगळं तळाला बसतं. सायफनच्या टोकाला ते उकळलेलं फडकं बांधा, काम झालं. चार लिटरमध्ये २० ग्रॅम हॉप्स दीड-दोनशे मिली बिअर पिऊन बसतात, तेवढी सोडून द्यायची. पिळायची नाही! पिशवी पिळून शेवटचा घोट काढणारे लोक मी पाहिलेत. त्या घोटात तुरटपणा आणि हवा याशिवाय काही नसतं.

आता मुख्य मुद्दा, हवा. तुमच्याकडे ब्रूअरीत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आहेच. रिकामी बरणी आणि रिकाम्या बाटल्या त्याने भरून घ्या, सायफनची नळी तळापर्यंत घाला म्हणजे खळखळ होणार नाही, बाटली गळ्यापर्यंत भरा. ज्यांच्याकडे सिलिंडर नाही त्यांनी दोन लिटरची सोड्याची प्लॅस्टिक बाटली वापरावी. भरायची, दाबून हवा काढायची, दाबलेल्या अवस्थेतच झाकण. फुगत गेली की दाब किती झाला ते हाताला कळतं. वरून एक चुंबकाची युक्ती. उकळलेल्या पिशवीत प्लॅस्टिकचं आवरण असलेलं चुंबक ठेवा, बाहेरून दुसऱ्याने पिशवी बरणीच्या वरच्या भागात अडकवून ठेवा, सगळं सुरुवातीलाच. वेळ आली की बाहेरचं चुंबक काढायचं, पिशवी पडते, झाकण उघडायचं कामच नाही.

द्राक्षबागवाला
आमच्यासारखा सल्फर नाही का चालत?

यीस्टवाली
चालतो दादा, अगदी चिमूटभर. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लिटरला १० मिलिग्रॅम, बाटल्या भरताना. इतक्याने यीस्ट मरत नाही. चार लिटरला ४० मिलिग्रॅम होतात, ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसणारही नाहीत. सराफ बाजारात सोनारांकडे असतो तसला छोटा काटा घ्या, १ ग्रॅम पावडर १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं ४ मिली सिरिंजने घाला. द्रावण दर वेळी ताजं. पावडर हुंगू नका. आणि पिणाऱ्यांत कोणाला दमा असेल तर आधी सांगा, सल्फाइटचा काहींना त्रास होतो.

नियमावली
धागा वाचून कोणी उत्साहाने घरी बरणी लावेल म्हणून लिहितो. गोदाकाठचा परवानाधारक जागेत करतात, ते वेगळं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवायला मनाई आहे. 'घरच्यापुरतंच केलं' ही सबब तिथे उपयोगाची नाही.

रविवार_कारंजा
झालं, माझ्या उत्साहावर पाणी.

यीस्टवाली
पाणीच करा की! हॉप वॉटर. अल्कोहोल नाही, यीस्ट नाही, आणि ड्राय हॉपिंगचा हात त्यावर छान बसतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात लिंबाचा रस इतका की पीएच ४ च्या जवळ येईल (आंबटपणा कमी राहिला की हॉप्स पाण्यात राकट लागतात). १ ते २ ग्रॅम सिट्रा, झाकण लावून फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी दोन पदरी फडक्यातून गाळा, घरी सोडा मेकर असेल तर गॅस भरा, नसेल तर गार सोड्यात निम्मं-निम्मं. दोन-तीन दिवसांत संपवा. दोन वेगवेगळे हॉप्स शेजारी-शेजारी असे करून प्यायलात तर कुठला काय देतो हे बिअरपेक्षा लवकर कळेल, कारण मध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही.

द्राक्षबागवाला
एक विचारू का? हॉप्सचा वेल असतो म्हणतात. आमच्याकडे मांडव तयारच आहे, द्राक्षाच्या भावाचं तर तुम्ही जाणताच. अर्धा एकर लावून बघू?

कडूकारले
दादा, तुमचा अर्धा एकर वाचवतो. हॉप्सची शेती साधारण ३५ ते ५५ अक्षांशात होते. फुलं धरायला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि वेल झोपायला कडक हिवाळा लागतो. नाशिक २० अक्षांशावर, आपला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. वेल वाढेल, कोन (हॉप्सची फुलं) मात्र मोजकेच येतील. शिवाय त्याला पाच-सहा मीटर उंच तारा लागतात, तुमचा मांडव डोक्याला लागेल इतकाच. भारतात हिमाचलच्या लाहौलमध्ये हॉप्स पिकवले गेलेत. अक्षांश थोडा खाली असला तरी तिथे उंची आणि थंडी आहे. कुंडीत हौस म्हणून एक वेल लावा, त्याला माझी ना नाही.

द्राक्षबागवाला
म्हणजे आमची थॉमसन द्राक्षंच बरी. ठीक.

मखमलाबादकर
वापरलेल्या हॉप्सचं काय करता? आमच्या दारात भटकी कुत्री बसतात, कालच एकाने पिशवी फाडली.

यीस्टवाली
हे गंभीर आहे. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, वापरलेले सुद्धा. अंगाचं तापमान भलतंच चढतं, जीव जाऊ शकतो. बंद झाकणाच्या खतात किंवा खोल खड्ड्यात टाका. एखाद्या कुत्र्याने खाल्लेच तर तो धापा टाकेपर्यंत वाट बघू नका, लगेच डॉक्टर.

गोदाकाठचा
मंडळी, दोन बरण्या लावून बघितल्या. वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) एकच, हॉप्सही त्याच पाकिटातले, दोन्हीकडे लिटरला ४ ग्रॅम. एकीत माझी जुनी पद्धत. दुसरीत १.०१६ ला मोकळ्या पेलेट, फिरवाफिरवी बंद झाकणाने, सिलिंडरने धुतलेल्या बाटल्या. पेलेट टाकल्या टाकल्या फेस बरणीच्या तोंडापर्यंत आला, कारण आत गॅस विरघळलेला होता. पुढच्या वेळी चमचा-चमचा टाकायच्या.

दोन्हींची ग्रॅव्हिटी १.००९ वर येऊन थांबली. म्हणजे यीस्टवालींचा अंदाज नेमका. बाटल्या त्यानंतरच भरल्या आणि कार्बोनेशनला पत्र्याखाली न ठेवता वाईनच्या कपाटात १८ अंशांवर ठेवल्या.

काल मालकांना न सांगता दोन्ही ग्लास पुढे केले. जुन्या पद्धतीचा त्यांनी हुंगून परत ठेवला. दुसरा संपवला, आणि विचारतात, यात हॉप्स जास्त घातले का?

कडूकारले
छान. आता त्याच बॅचच्या दोन-दोन बाटल्या बाजूला ठेवा आणि महिन्याभराने उघडा. खरा निकाल तेव्हा. मोठ्या टाकीत जाताना मालकांना १०० ग्रॅमच्या पाकिटांऐवजी ५ किलोचा बॉक्स घ्यायला सांगा, पण डीप फ्रीझर आधी.

गोदाकाठचा
फ्रीझरचं कोटेशन आलंय. मालक म्हणतात, सुला फेस्टची गर्दी ओसरू दे, मग बघू.

द्राक्षबागवाला
तोवर उन्हाळा येईल भाऊ. आमच्या कोल्ड स्टोरेजला एक क्रेट ठेवायला जागा देतो, शून्य अंशाची खोली आहे. उणे १८ नाही, पण टेम्पोपेक्षा बरी.